थकलेला स्टार्टर

फार वर्षांपूर्वी वाईला डॉक्टर अनसूयाबाईंची एक जुनी काळी मोटार होती. तिच्या इंजिनाला रोज हिसका देऊन जागं करता करता स्टार्टर पार थकला होता.

“दादा, आतून खरखरतोयस. बाईंना ऐकू जाऊ दे की,” बॅटरी म्हणाली.

“मग मला भंगारात टाकतील. तू जरा जास्त जोर लाव, म्हणजे मी गुपचूप फिरतो.”

बॅटरी बिचारी जोर लावत राहिली आणि स्वतःही खंगली.

एक दिवस बाई अडलेल्या बाळंतिणीकडे निघाल्या, तर स्टार्टरमधून नुसता धूर आला. शेजाऱ्यांनी गाडी ढकलून चालू केली, म्हणून त्या कशाबशा वेळेवर पोचल्या.

दाऊद मिस्त्रींनी स्टार्टर उघडला. “आधी कळलं असतं, तर आतले झिजलेले कार्बनचे तुकडे नुसते बदलून भागलं असतं. आता सगळी तार नव्याने गुंडाळायला हवी.”

“टाकून नाही ना द्यावा लागणार?” बाईंनी काळजीने विचारलं.

“छे हो! बॉडी दणकट आहे अजून.”

आठ दिवसांनी स्टार्टर गाडीत परतला. “कसं वाटतंय, दादा?” बॅटरीने भीतभीत विचारलं.

‘झकास’ म्हणणार होता तो, पण थांबला.

“अंग अजून जड आहे गं.”

“मग आज बेताने फिरू,” ती म्हणाली, तेवढ्यात बाईंनी किल्ली फिरवली.