दिव्यावाचून औक्षण

एका राज्यात, जिथे राजवाड्याच्या पायऱ्या थेट समुद्रात उतरत, तरंगसेन नावाचा राजा होता आणि शाल्मली नावाची राणी होती. त्या राज्याची एक रीत होती. उंबरठ्याशी जो येईल, मित्र असो की वैरी, त्याला राणीने स्वतः ओवाळायचे. आधी पाच वातींचे निरांजन, कुंकू, अक्षता, नाव-गाव मागाहून. रीत मोठ्या मनाची खरी, पण पाहुण्याला काय सोसते हे विचारायचे तीत राहून गेले होते, आणि घोडे तिथेच पेंड खाणार होते.

एके अंधाऱ्या रात्री कोळ्यांच्या जाळ्यात अगदी तळाची एक मासोळी आली. लांब, वाम माशासारखी, पांढरीफटक. मला राणीकडे न्या, म्हणाली. मासे बोलतात यात त्या राज्यात नवल नव्हते. कोळ्यांनी तिला घंगाळात घालून नेले. राणीने हौसेने निरांजन उजळले आणि तिच्या तोंडासमोर धरले. जिने जन्मात दिव्याचा उजेड पाहिला नव्हता तिचे डोळे जळाले आणि जागच्या जागी तिचा दगड झाला.

तोच समुद्र उकळला. तळाशी राहणारी चेटकीण काळधुनी पाण्यातून बोलली, “माझी लेक तू दगड केलीस. आजपासून तुझ्या राज्यातला विस्तव दिसेल, पण तापणार नाही.”

झाले! चुली ढणाढणा जळत आणि हंड्यातले पाणी गारच्या गार. भाकरी तव्यावर ओलीच. लोकांनी भिजवलेल्या पोह्यांवर दिवस काढले, राजानेसुद्धा. पण राणीची तान्ही लेक इंदुला, तिला शेकायचे कशावर? शेगडी लालबुंद, तरी पोरीचे तळपाय गार पडले, मग गुडघे. गारठा काळजापर्यंत चढला की पोर हातची जाणार, हे सांगायला वैद्य नको होता. राणी पायरीवर बसून ढसाढसा रडली.

शेजारी एक पाणकावळा पंख वाळवत बसला होता. तो म्हणाला, “राणीसाहेब, रडून झाले असेल तर बोलू?”

राणीने डोळे पुसले. पाणकावळ्याने तिला एक मोती दिला. तो जिभेखाली धरला की पाण्यात श्वास कोंडत नसे. काळधुनीलाच जाऊन भेटा, पण खाली उजेड नेऊ नका, एवढे त्याने बजावले. राणीने दागिने उतरवले, पदर खोचला, दगड झालेली मासोळी उराशी धरली आणि पायऱ्या उतरत गेली ती थेट तळापर्यंत.

तिथे ताडाएवढी दगडी धुराडी उभी होती आणि त्यांतून काळे कढत पाणी उसळत होते. तोंडाशी विझत्या निखाऱ्याचा असतो तेवढाच तांबूस उजेड. भोवती पांढरे मासे. हातभर आत सरकले तर शिजतील, हातभर बाहेर गेले तर गोठतील, आणि त्या मधल्या पट्टीत त्यांचे संसार, सोयरीक, भाऊबंदकी, सगळे ऐटीत चालले होते.

काळधुनी म्हणाली, “तुमच्या जाळ्यांना बांधलेल्या शिशाच्या गोळ्यांनी माझे धुराडे फोडले. लेक तेच सांगायला आली होती. आधी ते सांध.”

राणीने कधी साधी चूल लिंपली नव्हती. तिने दगड रचले, कढत गाळाने लिंपले, दोनदा ढासळले, हात पोळले. तिसऱ्यांदा धुराडे उभे राहिले.

मग चेटकीण म्हणाली की ऊब तुटल्याने माझे मासे गारठ्यात भरकटले आहेत, ते हाक न मारता परत आण. राणीने धुराड्याशी एक दगड तापवला, पदरात गुंडाळला आणि काळोखातून सावकाश चालत फिरली. ऊब लागताच मासे मागे येऊ लागले. एका म्हाताऱ्या माशाने वाटेत तिचा अंगठाही चावून पाहिला. सगळे घरी आले.

तिसऱ्या वेळी काळधुनीने तिच्या हातांत ओंजळभर ऊब ओतली. “एवढीच देईन. वर नेलीस तर तुझी लेक जगेल. इथे दिलीस तर माझी.”

राणीला इंदुलाचे गार पाय आठवले. तिला पान्हा फुटला. पण ती ठामपणे म्हणाली, “दिवा मी ओवाळला. आधी ते निस्तरते.”

तिने बाळाला शेकावे तसे दोन्ही तळवे मासोळीच्या तोंडाभोवती धरले आणि विचारले, “बाई, सोसते आहे ना?”

दगड शहारला. “सोसते,” मासोळी म्हणाली आणि तिने डोळे उघडले.

काळधुनीने लेकीला जवळ ओढले. मग म्हणाली, “असे वर कोणी विचारत नाही. शाप सरला. जा, लेकीला पाज.”

राणी पायऱ्या चढून आली तेव्हा वाड्यातून भाकरीचा खमंग वास येत होता. इंदुला घामाघूम होऊन, लाथा झाडत, भुकेने टाहो फोडत होती. राणीने ओलेत्यानेच तिला छातीशी घेतले. राजाने तळ खरवडणारी जाळी बंद केली. पाणकावळ्याने बक्षीस म्हणून टोपलीभर मासे मागितले, मात्र वरच्या पाण्यातले.

तळाशी काळधुनीची धुराडी तापली, राज्यातल्या चुली तापल्या. ऐकणाऱ्याच्या घरीही ऊब राहो. आजही तिथे पाहुणा आला की राणी निरांजन हाती घेते, पण वात लावण्याआधी थांबते आणि विचारते, “उजेड सोसेल ना?”