नखुलीचा कापूस

एक होतं गॅरेज. गॅरेज म्हणजे गाड्यांचा दवाखाना.
गॅरेजच्या कोपऱ्यात होता एक जुना टायर.
टायरात राहायची एक चिचुंद्री. एवढीशी! तिचं नाव नखुली.

नखुलीला पिल्लं होती तीन. एक मोठं, एक मधलं, एक धाकटं.
बाहेर थंडी होती. कुडकुड कुडकुड थंडी!
पण पिल्लं मजेत होती. का बरं?
टायरात होता कापूस. मऊ मऊ. ऊब ऊब.

तो कापूस कुणी आणला? नखुलीनं आणला.
रस्त्यापलीकडे सावरीचं झाड होतं. उन्हाळ्यात त्याचा कापूस उडायचा. भुर्र भुर्र.
नखुली धावायची. तुरूतुरू, तुरूतुरू. एक पुंजका तोंडात. तुरूतुरू घरी.
पुन्हा धावायची. पुन्हा एक पुंजका.
सगळा उन्हाळा ती धावली. दमली. पण आई ना ती! थांबली नाही.

त्या गॅरेजात होता शिवाप्पा मिस्त्री.
मिस्त्री गाडीखाली निजून गाडी दुरुस्त करायचा. खाली फरशी गार. पाठ दुखायची.
मिस्त्री म्हणाला, "एक चाकांची फळी घेतो. फळीवर निजतो. गाडीखाली सरकतो."

पहिली फळी आणली लाकडी. मिस्त्री निजला. "आई गं! लई कडक." नको.
दुसरी फळी आणली गादीची. मिस्त्री निजला. गाडीखाली सरकला. टण्ण! नाक आपटलं. "लई उंच." नको.
तिसरी फळी आणली बुटकी. लांब. चाकं तर अशी, नुसतं बोट लावलं की सुळ्ळ!
मिस्त्री निजला. "हाश्श! हीच घेतो."

पण फळीला उशी नव्हती. मान अवघडली.
मिस्त्रीनं इकडे बघितलं. तिकडे बघितलं. कोपऱ्यात बघितलं.
"अरे वा, कापूस! असाच पडलाय. कुणाचाच न्हाई."
गॅरेजात असंच असतं. कोपऱ्यात पडलेली चिंधी कुणाचीही. हात पुसा नि टाका.
पण हा कापूस का कुणाचाही होता? नखुलीचा होता.
मिस्त्रीनं विचारलं का? नाही विचारलं.
उचलला. फडक्यात बांधला. डोक्याखाली घेतला. हाश्श!

पिल्लं लागली कुडकुडायला. चुंई. चुंई. चुंई.
नखुली म्हणाली, "धरा रे शेपटी!"
मोठ्यानं धरली आईची शेपटी. मधल्यानं धरली मोठ्याची. धाकट्यानं धरली मधल्याची.
निघाली आगगाडी. तुरूतुरू, तुरूतुरू.

गेली मिस्त्रीकडे.
"मिस्त्रीमामा, मिस्त्रीमामा, माझा कापूस दे."
मिस्त्री म्हणाला, "देतो की! पण मान कुठं टेकू? आधी हमीदा खालाकडनं उशी आण."
बघा! घेतला त्यानं, आणि पळायचं हिनं!

तुरूतुरू, तुरूतुरू.
शेजारी हमीदा खालाचं दुकान. खाला गाडीच्या सीटा शिवायची.
"खाला, खाला, उशी शीव."
"का गं?"
"मिस्त्री कापूस देईना,
पिल्लं माझी कुडकुडती!"
खाला म्हणाली, "शिवते की, बेटी! पण मशीन अडकलीय. आधी तेल आण."

तुरूतुरू, तुरूतुरू.
गॅरेजच्या भिंतीला फळकूट. त्यावर तेलाची कुपी. लांब चोचीची.
"कुपीबाई, कुपीबाई, तेल सोड."
"का गं?"
"खाला उशी शिवीना,
मिस्त्री कापूस देईना,
पिल्लं माझी कुडकुडती!"
कुपी म्हणाली, "सोडते की! पण चोचीत माती बसलीय. आधी तार आण."

तुरूतुरू, तुरूतुरू.
सावरीच्या झाडावर कावळा. त्याचं घरटं तारांचं. गॅरेजातल्याच तारा! त्यानं तरी कुठं विचारलं होतं?
"कावळेदादा, कावळेदादा, तार टाक."
"का गं?"
"कुपी तेल सोडीना,
खाला उशी शिवीना,
मिस्त्री कापूस देईना,
पिल्लं माझी कुडकुडती!"
कावळा म्हणाला, "टाकतो की! काव! पण पोटात काही नाही. आधी भाकरी आण."

तुरूतुरू, तुरूतुरू.
गॅरेजच्या दारात गंगव्वा. मिस्त्रीची बायको. डबा घेऊन बसलेली.
"गंगव्वा, गंगव्वा, भाकरी वाढ."
"का गं?"
"कावळा तार टाकीना,
कुपी तेल सोडीना,
खाला उशी शिवीना,
मिस्त्री कापूस देईना,
पिल्लं माझी कुडकुडती!"
गंगव्वा म्हणाली, "वाढते की! पण आधी आमचं मालक जेवू देत, मग कावळ्याला. अन् मालक तर गाडीखालनं निघंनात. आधी त्यांना बाहेर आण."

कुणाला आण? मिस्त्रीला!
गोल गोल फिरून पुन्हा तिथंच. मला तर असा राग आला!
नखुलीलाही आला. पण करते काय?

तुरूतुरू. तुरू... तुरू...
आता पाय दुखत होते.
"मिस्त्रीमामा, मिस्त्रीमामा, बाहेर ये."
"का गं?"
"गंगव्वा भाकरी वाढीना,
कावळा तार टाकीना,
कुपी तेल सोडीना,
खाला उशी शिवीना,
मिस्त्री कापूस देईना,
पिल्लं माझी कुडकुडती!"
मिस्त्री म्हणाला, "अरारा! कोण गं हा मिस्त्री? लई वाईट माणूस दिसतोय."
आणि त्यानं कूस बदलली.
"येतो की! पण आत्ताच पाठ टेकलीय. जरा पडू दे."
घुर्र... घुर्र... घुर्र...
डोक्याखाली कापूस. मऊ मऊ. ऊब ऊब.

आता कुणाकडे जायचं? कुणीच उरलं नाही.
मोठं म्हणालं, चुंई.
मधलं म्हणालं, चुंई.
धाकटं काहीच म्हणालं नाही.
नखुलीनं मागे वळून बघितलं. धाकट्याचं नाक गार. शेपटी गार. डोळे मिटलेले.
नखुलीला रडू आलं. मग रडू थांबलं. मग आला राग. केवढा? चिचुंद्रीपेक्षा मोठा!

तिनं फळीकडे बघितलं.
फळीची चाकं सुळ्ळकन पळणारी. गॅरेजची फरशी उतरती, गाडी धुतली की पाणी दारातून जावं म्हणून.
फळी पळू नये म्हणून मिस्त्रीनं काय केलं होतं? सुतळीनं गाडीला बांधली होती.
नखुलीनं सुतळी दातात धरली.
मिस्त्रीला विचारलं का? नाही विचारलं.
कुरतुड. कुरतुड. कुरतुड. कुरतुड.
तट्!

सुळ्ळ! घर्रर्रर्रर्र!
फळी निघाली. फळीवर मिस्त्री निघाला. गाडीखालून, फरशीवरून, थेट दारात.
धप्प! टायरांच्या ढिगाला टेकला.
मिस्त्रीनं डोळे उघडले. वर आभाळ. समोर गंगव्वा.
गंगव्वा म्हणाली, "निघालासा व्हय एकदाचं? जेवा आता!"

मिस्त्री जेवला. मचमच मचमच.
मग गंगव्वानं भाकरी वाढली. कावळ्यानं भाकरी खाल्ली.
कावळ्यानं तार टाकली. टिंग! कुपीची चोच मोकळी झाली.
कुपीनं तेल सोडलं. टिप टिप टिप. खालाची मशीन चालली.
खालानं उशी शिवली. टकटक टकटक टकटक.
मिस्त्रीनं उशी घेतली. मानेखाली ठेवली. हाश्श!

आणि कापूस?
मिस्त्रीनं फडकं सोडलं. कापूस खाली टाकला.
पांढरा कापूस काळा झाला होता. तेलकट झाला होता. पापडासारखा चपटा झाला होता.
नखुली बघतच राहिली.
मिस्त्री म्हणाला, "घे की! रडतीस कशाला? एवढासा तर कापूस!"
नखुली म्हणाली, "एवढासाच होता. पण माझा होता."
मिस्त्री फळीवर निजला. नवी उशी मऊ होती ना! तो सरकला गाडीखाली. सुळ्ळ.

नखुलीनं कापूस ओढत नेला. तुरू... तुरू... तुरू...
टायरात नेला. दातानं पिंजला. नखानं पिंजला. पिंज पिंज पिंजला.
पांढरा काही झाला नाही. पण थोडा फुगला.
मोठ्याला निजवलं. मधल्याला निजवलं. धाकट्याला अगदी मधोमध निजवलं.
नखुली वाट बघत बसली.
मोठं म्हणालं, चुंई.
मधलं म्हणालं, चुंई.
आणि मग, अगदी हळू, धाकटं म्हणालं,
चुंई.

नखुलीनं त्याला चाटलं. पुन्हा चाटलं.
पण ती निजली का? नाही निजली. कापसाच्या कडेला बसली. एक डोळा पिल्लांवर, एक डोळा फळीवर.

पिल्लं निजली. मिस्त्री घोरला. तुम्हीही निजा आता.
नखुली जागी आहे.