गोजरीच्या खिंडीतला दोर

दोराला हात लावू नका, ताई. बघा हवं तेवढं, पण हात नको. यानातून उतरून थेट इथंच आलात, चहासुद्धा घेतला नाहीत, म्हणजे खिंडीबद्दल काहीबाही ऐकलेलं दिसतंय. बसा मग या कट्ट्यावर. गावात सगळ्यांत म्हातारा मीच, तेव्हा सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. दगडाला ही बोटभर खोल खाच दिसते ना, ती या दोरानंच पाडली. त्याचं एक टोक या खुंटीला आहे. दुसरं कुठवर गेलंय, ते कुणी पाहिलेलं नाही.

पृथ्वी सोडून पहिली तीस घरं या ग्रहावर आली, तेव्हाची गोष्ट सांगतात. खिंडीतून सरळ चालत गेलं तर काही होत नाही, पलीकडं माळ लागतो. पण एकदा दोन गडी पाण्याची टाकी उचलून नेत होते. टाकी दोघांनी धरली की एकाला उलटं चालावं लागतं. तो उलटा चालणारा मधेच दिसेनासा झाला आणि टाकी आदळली दुसऱ्याच्या पायावर. घटकाभरानं गडी सरळ चालत परत आला. म्हणाला, आत अजून विहिरीच्या सुरुंगाचे आवाज येताहेत. विहीर तर महिन्यापूर्वीच बांधून झाली होती.

तेव्हा कळलं म्हणे, की तोंड गावाकडं ठेवून मागं मागं गेलं, तर एका पावलाला एक दिवस मागं जाता येतं. परतायचं ते सरळ पावलांनी. मात्र आत असताना पाठीमागं वळून बघायचं नाही. दोघांनी बघितलं, ते आलेच नाहीत. म्हणून कमरेला दोर बांधायचा, पावलापावलावर एक गाठ, आणि दोर धरायला बाहेर भरवशाचा माणूस. यंत्रवाले येऊन मोजमापं करून गेले. त्यांना उमगलं नाही, तिथं माझी काय कथा!

त्या तीस घरांत भिवा आणि अंसा हे नवराबायको होते. त्यांची एकुलती एक पोर गोजरी, सात वर्षांची. आईच्या मसाल्यासाठी ती रोज या खिंडीत दगडफूल खरवडायला यायची. एका सकाळी तिला ताप भरला आणि त्यातच ती गेली. ताप भरला त्या दिवसाला एकेचाळीस दिवस झाले, तेव्हा अंसा नवऱ्याला म्हणाली, बघता येणार नाही ठाऊक आहे, नुसता आवाज ऐकून येते.

भिवानं दोर धरला. अंसा चारशे पावलं मागं गेली, वर्षाहून जास्त. पाठीमागं दगड खरवडल्याचा आवाज आला, पोर गुणगुणत होती. अंसा तशीच उभी राहिली, डोळ्यांना धार लागलेली. पण लहान मूल कधी पाठीशी बोलतं का? गोजरी वळसा घालून पुढं आली. "आई, तू इथं कशी? आत्ता तर चुलीपाशी होतीस."

मग घरची अंसा कुठली आणि ही कुठली, असं पाहुणे हमखास विचारतात. मला विचारू नका. ज्याची पोर गेली नाही, त्यालाच असल्या शंका सुचतात.

अंसानं तिचा हात धरला आणि गावाकडं चालू लागली. दर पावलाला पोर एका दिवसानं मोठी होत होती. पुढचा दात पडला, नवा आला. झगा आखूड झाला. अंसा पावलं मोजत होती आणि इकडं भिवा गाठी मोजत दोर आवरत होता. आत बेचाळीस गाठी उरल्या आणि दोर थांबला. पुढच्या पावलावर ताप होता.

लोक म्हणाले, ओढ, निदान बायको तरी हाती लागेल. भिवानं दोराचे वेढे तळहाताला घेतले. एवढ्यात आतून गोजरीचा आवाज आला, "बाबा कधी येतील?" अंसा म्हणाली, "येतील हं, संध्याकाळी."

भिवाला ओढवेना. बाहेर दिवस सरला की आतली जागाही एक दिवस पुढं सरकते, म्हणजे उभ्या जागीच ताप गाठणार. दिवस मावळायला आतून दोराला हिसका बसला. अंसाला एक पाऊल मागं जायचं होतं, म्हणजे तोच दिवस पुन्हा लागेल. भिवानं एक गाठ सैल सोडली.

मग तो इथून हललाच नाही म्हणतात. शेजारी म्हणायचे, दोर आम्ही धरतो, तू आत जाऊन पोरीला भेट. तो म्हणायचा, "एक दिवस कुणी विसरलं तर?" इथंच तो म्हातारा झाला. रोज मावळतीला एक गाठ सोडायचा आणि खिंडीत तोंड करून सांगायचा, "आलोच गं, गोजरे." तो गेला त्या दिवशीही वेळेवर हिसका बसला, तेव्हापासून गावानं पाळी लावून घेतली.

आजही ज्याची पाळी असेल त्या घरानं पाऊलभर दोर वळायचा, गाठ मारायची आणि मावळतीला आत सोडायचा. सोडताना "आलोच गं, गोजरे" म्हणायचं, बाईमाणूस असलं तरी हेच शब्द. इतक्या आत आवाज पोचत नसणार, एवढं आम्हालाही कळतं. पण त्या पोरीचा अजून तोच दिवस चालू आहे, आणि बाप संध्याकाळी यायचाय.