चार लोक करतील ते

एका गावात एक भोळा गडी होता. गेणू त्याचं नाव. आईबाप लहानपणीच गेले, आत्यानं वाढवला. अंगानं धडधाकट, खोट एकच. मनात येईल ते तोंडावाटे बाहेर पडायचं.

एकदा पाटलांच्या घरी बारसं होतं. बाया म्हणाल्या, बाळ कसं गोजिरं! गेणूनं पाळण्यात डोकावलं आणि म्हणाला, "वांग्यागत दिसतंय की." पाटलीणबाईंनी घुगऱ्या न देताच बाहेर काढला.

आत्यानं कपाळावर हात मारला. "आरं मुडद्या, अशानं तुला पोरगी कोन दील? चार लोकांसारखं वागावं. चार लोक करतील ते करावं, म्हनतील ते म्हनावं."

"बरं आत्या," गेणू म्हणाला. त्याला लग्नाची फार हौस. शेजारच्या वाडीतली चांगुणा त्यानं बाजारात पाहिली होती, तेव्हापासून भाकर गोड लागत नव्हती.

लगेच तो चार लोक शोधायला निघाला. पारावर तिघंच बसले होते. ते उपयोगाचे नव्हते. विहिरीवर पाच होते. तेही नव्हते. शेवटी वेशीपाशी बरोबर चार सापडले, खांद्यावर तिरडी घेऊन चाललेले. चौघं रडत होते. गेणूही रडला. कोण गेलं ते ठाऊक नव्हतं, पण घरच्यांपेक्षा सरस रडला. मसणवट्यात चौघं मयताच्या लेकाला म्हणाले, "झालं ते झालं. आता तुम्हीच धीर धरा." गेणूही म्हणाला.

गावाला हे फार आवडलं. पोरगं शहाणं झालं म्हणाले. आत्याचा ऊर भरून आला. "शिकलास बाबा. असंच करत जा."

"बरं आत्या."

मग चांगुणाला बघायला जायचं ठरलं. रीतीप्रमाणे गावातली चार मोठी माणसं बरोबर घेतली. चांगुणा पोहे घेऊन बाहेर आली. चौघं पोह्यांत गुंतले, कुणी बोलेना. गेणूला मागचं आठवलं. तो उठला, तिच्या बापाच्या खांद्यावर हात ठेवला. "झालं ते झालं. आता तुम्हीच धीर धरा."

बाप उसळला. चांगुणाला मात्र हसू फुटलं. म्हणाली, "ते ऱ्हाऊ द्या. मी तुमाला पसंत हाय का?"

गेणूच्या मनात होय होतं. काठोकाठ होतं. पण मनातलं बोलायचं नाही, हे आता तो शिकला होता. त्यानं चौघांकडे पाहिलं. एकजण मान डोलवत होता. दुसऱ्याला आणखी पोहे वाढत होते, तो नको नको म्हणत होता. तिसरा घोरत होता. चौथा दात कोरत होता. गेणूनं मान डोलवली, नको नको म्हटलं, थोडा घोरला आणि दात कोरले.

"मला ह्योच नवरा पायजे," चांगुणा डोळे पुसत म्हणाली. "दावलं की शिकतोय."

लग्नाच्या दिवशी आत्या घरी थांबली. नव्या सुनेनं ओलांडायचं माप तिला उंबऱ्यावर भरून ठेवायचं होतं. गेणू निघताना तिनं बजावलं, "आज डोकं चालवू नगंस. चार लोक करतील तेच कर."

"बरं आत्या."

अंतरपाट धरला. मंगलाष्टकं सुरू झाली. गावातले तेच चार लोक अक्षता टाकत होते. गेणू पाटावरून उतरला, मूठभर अक्षता घेतल्या आणि त्यांच्यात जाऊन टाकू लागला. अंतरपाट दूर झाला तर चांगुणा हार घेऊन उभी, समोर कुणी नाही. मामानं याला धरून आणला आणि कशीबशी माळ पडली. सगळ्यांना हायसं वाटलं.

चार लोक पंगतीला बसले. गेणूही बसला. जिलबी मागून घेतली. चौघांनी नवरीला आहेर केला. यानंही डोक्याचा फेटा काढून आहेर केला. चौघं म्हणाले, "जोडा शोभतो हो. येतो आम्ही." चांगुणाच्या शेजारचा पाट रिकामा होता. त्या पाटाकडे बघत गेणूही म्हणाला, "जोडा शोभतो हो. येतो आम्ही."

चांगुणाला वाटलं, थट्टा करतोय. ती हसली. चार लोक बैलगाडीत बसले. गेणूही बसला.

दारात आत्या आरतीचं ताट घेऊन उभी होती. तिनं गेणूच्या मागं पाहिलं, गाडीत पाहिलं, गाडीखाली पाहिलं.

"आरं, नवरी कुठाय?"

"तिथंच हाय की," गेणू म्हणाला. "चौघांतल्या एकानंबी तिला घरी न्हेली न्हाई. मग मीच कशी आनू? चार लोक काय म्हनतील?"