धुरपदाचा कानतुटका कप

आटपाट नगर वगैरे काही नव्हतं. एक बंगला होता आणि त्याची एक बाग होती. खोटं वाटलं तर तिथल्या मोगऱ्याला विचारा, तो सगळं बघत होता.

बाग अशी, की कुणी इंद्रधनुष्यच वाळत घातलंय वाटावं! त्या बागेत हौशीची आई धुरपदा तण काढायची आणि आठ वर्षांची हौशी वाळकी पानं वेचायची. दहा वाजता बंगल्यातल्या माईसाहेब चहा द्यायच्या. धुरपदाचा कप वेगळा. कान तुटलेला, काठ उडालेला, कुंपणाच्या भिंतीवर पालथा घातलेला. तिनं तो धरायचा, माईसाहेबांनी हातभर उंचावरून चहा ओतायचा. कढत शिंतोडे तिच्या मनगटावर उडायचे. हौशीनं एकदा विचारलं, तर माईसाहेब अगदी मायेनं म्हणाल्या, "रीत आहे गं बाळ."

एकदा तरी आईला कान असलेला कप मिळावा, एवढंच हौशीच्या मनात होतं.

एके सकाळी जाईच्या वेलीवर, कोळ्याच्या जाळ्यात काहीतरी लुकलुकलं. हौशीनं हलक्या बोटांनी सोडवलं, तर अंगठ्याएवढी परी! पंख सात रंगांचे, पैंजण दवाच्या थेंबांचे. बिचारीच्या घशाला कोरड पडली होती. हौशीनं ओंजळीतून पाणी आणलं. परीनं इवलीशी पाकळी पुढे धरली.

"वरून ओत हं. माणसांच्या हाताला, भांड्याला आम्ही ओठ लावत नाही. पंखाचा रंग जातो."

हौशीनं मुकाट्यानं वरून ओतलं.

तहान भागल्यावर परीनं तीन वर देऊ केले. अट एकच: वस्तू हवी ती बदलेन, माणसाचं मन बदलायला सांगायचं नाही.

हौशीनं आईचा कप सोन्याचा करून मागितला. झाला की! पिवळाधमक, नाजूक कानाचा. माईसाहेबांनी तो पाहिला, पदरानं पुसला आणि थेट कपाटात ठेवला. सोनं बाटत नाही म्हणे. भिंतीवर दुसरा कानतुटका कप आला.

हौशीला आला राग. तिनं दुसरा वर मागितला, की बंगल्यातलं ओठाला लागणारं प्रत्येक भांडं त्या कपासारखं होऊ दे. झालं! कप, पेले, फुलपात्रं, सगळ्यांचे कान उडाले, काठ गेले. त्या गोंधळात कुणी भिंतीवरचा कपही आत नेला. आता यातला धुरपदाचा कुठला? ओळखणार कोण? माईसाहेबांनी सगळी रास खड्ड्यात टाकली. नवे कप आणले, तेही उंबरा ओलांडताच कानतुटके. घरातले सगळे चहावाचून कपाळ धरून बसले.

धुरपदासाठी मात्र भिंतीवर नारळाची करवंटी आली. पातेल्यातला चहा वरून पडायच्या आत धुरपदानं ती पालथी घातली.

"नको, माईसाहेब. आमच्या घरी चहा हाय."

तेवढंच बोलली आणि खुरपं उचलून पुन्हा तणाकडं वळली.

काम संपल्यावर कुंपणापलीकडच्या झोपडीत तिनं चूल पेटवली. हौशीनं परीला बोलावलं आणि तिसरा वर मागितला.

"आमच्यात बस. आमच्या कपातनं चहा पी."

परीचा चेहरा उतरला. "माझे पंख बघितलेस ना गं?"

"बघितले की. तू माझ्या आईचं मनगट बघितलंस का?"

परीनं पाहिलं. बारीक बारीक डाग, खसखस सांडावी तसे. मग ती पाटाच्या कडेला बसली, वाकली आणि कपाला ओठ लावले. पंखातला जांभळा रंग थेंबाथेंबानं ओघळून चहात मिसळला.

"सहा रंगांत भागेल माझं," ती हळूच म्हणाली. "आलं छान घातलंयस हं, धुरपदाबाई."

धुरपदाला 'बाई' कुणी कधी म्हटलं नव्हतं. ती पदराचं टोक तोंडाशी नेते न नेते, तोच झोपडीभर चांदीसारखा उजेड फुलला आणि त्या उजेडात परी दिसेनाशी झाली.

मागे राहिला तो कप. त्याच्या काठावर जांभळी रेघ उमटली होती आणि तो कधी रिकामा झालाच नाही. कुणीही यावं, बसावं, प्यावं.

आल्याचा वास बंगल्यापर्यंत जातो. दहा वाजले की माईसाहेब कुंपणाशी येऊन उभ्या राहतात. हौशी रोज त्यांच्यासाठी चहा ओतते आणि भिंतीवर नाही, आत पाटापाशी ठेवते. कुंपणापासून पाटापर्यंत पंधरा पावलं आहेत.

तो चहा रोज निवतो.