प्राचार्यांचं भाषण आणि बाईंचं पोस्टकार्ड

गिऱ्हाइकाशी आणि साहेबाशी वाद घालू नये. त्यांच्याच मापानं त्यांना मोजून द्यावं. कॉलेजच्या ग्रंथपाल खरवडेबाईंना हे पक्कं ठाऊक होतं.

त्यांनी नवं तंत्र शिकवणाऱ्या ग्रंथपालांच्या उजळणी वर्गासाठी रजेचा अर्ज दिला, तर प्राचार्य ढवळे खेकसले, "पदवी घेतलीत ना? पुस्तकं अजून कपाटातच राहतात. तेव्हा शिकलात तेवढ्यावर चालवा!"

"बरं सर," म्हणून बाई अर्ज परत घेऊन गेल्या.

पुढच्याच आठवड्यात प्राचार्य धावत ग्रंथालयात आले. "बाई, उद्या परिषदेत माझं भाषण! ताजे परदेशी लेख तासाभरात काढून द्या."

बाईंनी पोस्टकार्ड पुढं केलं. "सही करा. दिल्लीच्या लेख पुरवणाऱ्या केंद्राला पाठवते, महिन्याभरात झेरॉक्स येतील."

"महिना? अहो, मग कॉम्प्युटर कशाला आहे?"

"तो नंतर आला, सर. मी शिकले तेव्हा लेख असेच मागवायचे. तुम्हीच म्हणालात ना, तेवढ्यावर चालवा?"

प्राचार्यांनी घाम पुसला, रजेचा अर्ज मागून घेतला आणि त्यावर सही केली.

शाई वाळायच्या आत बाईंनी पिशवीतून लेखांचा गठ्ठा काढला. "विषय निमंत्रणपत्रिकेत वाचला होता. शेजारच्या कॉलेजच्या ग्रंथपालांनी कॉम्प्युटरवरून काढून दिले. त्या गेल्याच वर्षी उजळणी वर्गाला जाऊन आल्यात!"