बुजगावणं झालेला राजा

एका राज्यात राजालाही स्वतः पिकवल्याशिवाय जेवायला मिळत नसे. रिवाजच तसा होता. राजवाड्यामागे एक शेत होतं. ते राजानं पेरायचं, राजानं राखायचं, आणि त्यातल्याच जोंधळ्याची भाकरी राजाच्या ताटात पडायची. राजाचं नाव धवलसेन. सिंहासनावर बसला की जांभया देई, पण शेतातल्या राखणीच्या माळ्यावर चढून गोफण हाती घेतली की गडी खुले. राणी हेमकळा म्हणे, "महाराज, मुकुटापेक्षा मुंडासं तुम्हांला शोभतं." आणि राजा खूश होई.

एके दिवशी राजानं गोफण फिरवली आणि धोंडा सोडला. आता नशीब बघा. कर्कोट नावाचा जादूगार त्याच वेळी राघूच्या रूपात कणसावर बसून फुकटचं खात होता. एवढी विद्या शिकला, पण पोटासाठी चोरीच. धोंडा बसला नेमका चोचीवर. राघूचा जादूगार झाला, आणि त्याचं नाक वांग्याएवढं सुजलेलं होतं.

"राखणीची एवढी हौस?" कर्कोट म्हणाला. "मग राखच."

आणि राजाचं बुजगावणं झालं. अंगात कडबा, हातांच्या काठ्या, डोक्याच्या जागी चुना फासलेलं मडकं.

राणी धावत आली. पुष्कळ रडली. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "उःशाप सांग."

"सांगतो. सांगावाच लागतो. पुढच्या पिकाला कंबर न वाकवता पेरणी कर. हात न लावता पाणी दे. तोंड न उघडता पाखरं हाक. मग पहिलं कणीस कापशील, तेव्हा राजा तुझा. यातलं एक जरी चुकलं, किंवा त्याआधी मडकं फुटलं, तर राजाला विसर."

एवढं बोलून तो नाक धरून निघून गेला.

त्या राज्यात लोक काठीनं भोक पाडून एकेक दाणा टोकत. दिवसभर वाकून वाकून साऱ्यांच्या कंबरा गेल्या होत्या. कंबर न वाकवता पेरायचं म्हणजे काय, कुणाला कळेना. बांधावर एक टिटवी राहत असे. त्या राज्यात टिटव्या बोलत. ऐकायला मात्र कुणाला सवड नसे. राणीला होती.

टिटवी म्हणाली, "बाईसाहेब, वाकायचं नाही तर बी वरून सोडा."

"वरून सोडलं तर वारा नेईल."

"मग वाऱ्याला दिसू नये असं सोडा."

राणीनं रात्रंदिवस त्याचाच ध्यास घेतला. बाळोजी सुताराला बोलावून मातीत रेघ ओढणारे तीन फण घडवले, प्रत्येक फणामागे वेळूची नळी लावली आणि तिन्ही नळ्यांची तोंडं वर एका लाकडी वाडग्यात आणली. पहिल्या दिवशी बी नळीतच अडकलं, कारण वेळूची पेरं आतून बंद होती. राणीनं सळई लाल करून स्वतः पेरं जाळली. दुसऱ्या दिवशी बैल पुढे, राणी मागे, ताठ मानेनं चालत वाडग्यात मूठ मूठ बी सोडत गेली, आणि शेत पेरून झालं. म्हातारी माणसं नुसती बघत राहिली. कुणीतरी त्या अवजाराला हळदकुंकू वाहिलं. वाहू दे.

पाणी होतं खाली ओढ्यात, शेत वर. राणी म्हणाली, "ओढा नाहीतरी वाहतोच आहे, त्यालाच कामाला लावू." मोठं चाक केलं, त्याला फळ्या ठोकल्या आणि गाडगी बांधली. ओढ्यानं चाक फिरवलं, पण गाडगी सरळ बांधलेली. भरली तशी पुन्हा ओढ्यातच रिकामी झाली. लोक हळहळले. राणी मात्र हसली, गाडगी तिरकी बांधून घेतली, आणि पाणी वर येऊन पन्हळीत पडू लागलं. बायकांनी चाकाची ओटी भरली. राणीनं तीही भरू दिली.

जोंधळा पुरुषभर वाढला, कणसं भरली. तिसऱ्या कामासाठी राणीनं उंच खांबावर ताडाच्या पात्यांची फिरकी बसवली. फिरकीच्या आसाला लाकडी हातोडे, समोर टांगलेली तांब्याची परात. वारा आला की फिरकी फिरे, परात ठणठणे आणि पाखरं उडून जात. माणसानं हूं की चूं करायला नको. राणी रोज बुजगावण्याला सांगे, "थोडंच राहिलं, महाराज."

पण आपल्या माणसांची एक खोड आहे. एखादी वस्तू उपयोगी पडली की तिचा देव करायचा. आणि देव झाला की शेंदूर आलाच. कापणीच्या आदल्या संध्याकाळी राजगुरू स्वतः शिडी लावून वर चढले आणि राजा सुखरूप परत यावा म्हणून त्यांनी फिरकीला तेलाशेंदराचं जाड लिंपण घातलं. माणूस मनाचा चांगला. पण लिंपण गेलं थेट आसात.

सकाळी राणी विळा घेऊन आली. चुकूनही आवाज निघू नये म्हणून सारी प्रजा तोंडावर हात धरून बांधावर उभी. तेवढ्यात आभाळ काळं झालं. कर्कोट पुन्हा राघू होऊन राघूंचा थवाच घेऊन आला होता. वारा सुटलेला, पण फिरकी हलेना, परात वाजेना. राघू कणसांवर उतरले, मग बुजगावण्याच्या डोक्यावर बसून चोची मारू लागले. मडक्याला बारीक चीर गेली.

राणीच्या घशाशी हाक आली. ओरडली असती तर पाखरं उडाली असती आणि राजा कायमचा गेला असता. तिनं ओठ दातांत धरले आणि खांबाकडे धावली. सरसर वर चढली. बघते तर आसावर शेंदूर! तिनं विळ्याच्या पाठीनं तो खरडायला घेतला. खाली राजगुरूंचा जीव कासावीस झाला. देवाचा शेंदूर खरवडते! एक हात तोंडावर ठेवून दुसऱ्या हातानं ते 'पाप, पाप' अशा खुणा करू लागले. राणीनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. लिंपणाचे पोपडे त्यांच्याच टकलावर पडत राहिले.

फिरकी कुरकुरली, अर्धी फिरली, मग गरगर सुटली. परात अशी ठणठणली की राघूंचा थवा उधळला, आणि तो आवाज कर्कोटाला गोफणीच्या धोंड्यासारखा बसला; त्याची विद्या विरली आणि तो साधा माणूस होऊन चिखलात पडला. राणी खाली उतरली आणि पहिलं कणीस कापलं.

त्याच क्षणी मडकं फुटलं. राणी विळा टाकून धावली. खापऱ्या गळून पडल्या, आणि आत राजाचं तोंड होतं, सारं चुन्यानं माखलेलं. कडबा झडला, अंग आलं. पण वर्षभर पसरलेले हात त्याला खाली घेता येईनात.

"हेमकळे," तो म्हणाला, "हात मिटत नाहीत."

"राहू द्या तसेच," राणी म्हणाली आणि त्या हातांच्या मधे जाऊन उभी राहिली. मग मात्र ती एवढं रडली की सारा चुना तिच्या पदराला लागला. राजाचे हात हळूहळू मिटले.

कर्कोटाला रिवाजाप्रमाणे एक तुकडा जमीन मिळाली, पेरून खा म्हणून. राजगुरूंना फिरकीच्या आसाला तेल घालायचं काम मिळालं, शेंदराविना. त्या राज्याची कणगी जशी भरली, तशी ऐकणाऱ्याची भरो, सांगणाऱ्याचीही भरो.